तर्क, तत्त्वज्ञान आणि साहित्याचे शब्द: सीमाभागातल्या मुलांनी वही कशी करावी

मराठी माध्यमातून दहावी करून पीयूसीला (कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला) जाणाऱ्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांना एकाच कल्पनेचे तीन शब्द भेटतात. एक मराठी शाळेतला, एक कन्नडच्या तासाचा आणि एक कॉलेजच्या इंग्रजी पुस्तकातला. तिन्ही पाठ होतात. फसगत होते ती सारख्या दिसणाऱ्या शब्दांपाशी, कारण तोच शब्द दोन भाषांत किंवा दोन विषयांत वेगळं काम करतो. म्हणून शब्दाचा अर्थ लिहून थांबू नका, त्याचं कामही लिहा.

दोनशे पानी वही आडवी धरून चार रकाने आखा: मराठी, कन्नड, इंग्रजी आणि नमुना वाक्य. चौथ्या रकान्याला अर्धं पान द्या. तिथं शब्द लागू पडतो असं एक वाक्य आणि लागू पडत नाही असं एक वाक्य लिहा. आठवड्याला सहा शब्द पुरेत. दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि एकविसाव्या दिवशी पहिले तीन रकाने झाकून नमुना वाक्यावरून शब्द आठवा. उलट, म्हणजे शब्दावरून व्याख्या घोकत गेलात, तर परीक्षेत व्याख्या येते पण उताऱ्यातला युक्तिवाद ओळखता येत नाही.

सुरुवात युक्तिवादापासून करा. वाद म्हटलं की भांडण डोळ्यांपुढं येतं. युक्तिवाद म्हणजे आधार देऊन केलेली मांडणी. 'खानापुरात जूनपासून पाऊस लागून असतो, म्हणून कौलं मे महिन्यातच परतून घ्यावीत.' 'म्हणून'च्या आधीचं ते आधारविधान, नंतरचा तो निष्कर्ष. आता वाक्य उलटवा: 'कौलं मे महिन्यातच परतून घ्यावीत, कारण जूनपासून पाऊस लागून असतो.' निष्कर्ष पुढं आला, आधारविधान मागं गेलं. निष्कर्ष नेहमी शेवटी असतो असं समजून शेवटच्या ओळीखाली रेघ मारणं, ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. त्यासाठी उतारा वाचताना 'म्हणून', 'त्यामुळे', 'सबब', 'कारण', 'ज्याअर्थी', 'त्याअर्थी' या शब्दांना पेन्सिलीनं चौकट करा आणि मगच विधानांना क्रमांक द्या. याच युक्तिवादात न सांगितलेलं एक विधान दडलंय: पाऊस लागल्यावर छपरावर चढून काम करता येत नाही. ते गृहीतक. प्रश्नात 'गृहीतक ओळखा' असेल तर उताऱ्यात लिहिलेलं वाक्य उतरवू नका; लिहिलेलं असेल तर ते गृहीतक नव्हे, आधारविधान.

सत्य आणि वैध हे दोन शब्द मात्र सावकाश शिका. सत्य किंवा असत्य असतं ते विधान. वैध किंवा अवैध असतो तो युक्तिवाद. 'सर्व नद्या पश्चिमेला वाहतात. मलप्रभा नदी आहे. म्हणून मलप्रभा पश्चिमेला वाहते.' कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पूर्वेला वाहत कृष्णेला मिळते, तेव्हा निष्कर्ष असत्य. तरीही युक्तिवाद वैध आहे, कारण दोन्ही आधारविधानं मान्य केली तर निष्कर्ष नाकारता येत नाही. अशा युक्तिवादाला निगामी आणि या पद्धतीला निगमन म्हणतात. आता हे पाहा: 'मलप्रभा पूर्वेला वाहते, घटप्रभा पूर्वेला वाहते, म्हणून या घाटातली प्रत्येक नदी पूर्वेला वाहते.' दोन्ही आधारविधानं सत्य, पण खानापूर तालुक्यातच उगम पावणारी म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते. हा विगामी युक्तिवाद, आणि म्हादई हे त्याचं प्रतिउदाहरण. विगमनात निष्कर्ष संभाव्य असतो. एका प्रतिउदाहरणानं 'प्रत्येक' कोसळतं.

न्यायदर्शनाच्या, म्हणजे जुन्या भारतीय तर्कपरंपरेच्या, पाठात 'निगमन' पुन्हा भेटेल, तिथं गोंधळू नका. तिथल्या अनुमानाला पाच अवयव असतात. प्रतिज्ञा: त्या माळावर विस्तव आहे. हेतू: कारण धूर दिसतो. उदाहरण: जिथं धूर तिथं विस्तव, जशी चूल. उपनय: माळावर तसाच धूर आहे. निगमन: म्हणून तिथं विस्तव आहे. इथं निगमन म्हणजे शेवटचा निष्कर्ष; आधुनिक तर्कशास्त्रात तोच शब्द अख्ख्या पद्धतीचं नाव. वहीत दोन वेगळ्या नोंदी करा.

कन्नडच्या रकान्यात खरी काळजी घ्यायची ती 'अनुमान' या शब्दाची. मराठीत अनुमान म्हणजे आधारावरून काढलेला निष्कर्ष. रोजच्या कन्नडमध्ये अनुमान म्हणजे शंका, संशय. 'प्रबंध' आपल्याकडं संशोधनाचा, कन्नडमध्ये साध्या निबंधालाही प्रबंध म्हणतात. 'उपन्यास' कन्नडमध्ये व्याख्यान, हिंदीत कादंबरी. 'कादंबरी' मात्र मराठीत आणि कन्नडमध्ये एकच. मराठी 'समीक्षा' कन्नडमध्ये बहुधा 'विमर्शे' होते. अशा शब्दांपुढं लाल खूण करा.

विषय बदलला की मराठी शब्दही बदलतो. गणितात प्रमाण म्हणजे दोन गुणोत्तरांची समानता, तत्त्वज्ञानात प्रमाण म्हणजे ज्ञानाचं साधन. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शन मानणारे, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार मानतात, चार्वाक फक्त प्रत्यक्ष. यातलं उपमान अलंकारात गेलं की 'ज्याच्याशी तुलना केली ते' एवढंच उरतं.

साहित्यात आधी अर्थाच्या तीन पातळ्या पक्क्या करा. अलंकार त्यानंतर सोपे जातात. आजी अंगणातून म्हणते, 'दिवेलागण झाली.' संध्याकाळ झाली, हा वाच्यार्थ. खेळ थांबवा आणि घरात या, हा व्यंग्यार्थ. तो शब्दांत नाही, प्रसंगात आहे. 'अख्खा गाव यात्रेला गेला' यात गाव म्हणजे गावातली माणसं, हा लक्ष्यार्थ. कवितेच्या उत्तरात व्यंग्यार्थ लिहिताना तो कोणत्या शब्दातून किंवा प्रसंगातून सुचला ते त्याच वाक्यात सांगा, नाहीतर तो तुमचा अंदाज वाटतो. 'नदी आईसारखी' ही उपमा, 'नदी जणू आईच' ही उत्प्रेक्षा, 'नदीमाय' हे रूपक.

प्रश्नातलं क्रियापद शेवटी, पण रोज. 'स्पष्ट करा' म्हणजे अर्थ आणि एक उदाहरण. 'तुलना करा' म्हणजे साम्य आणि भेद दोन्ही, एकाच निकषावर. एकाची भाषा आणि दुसऱ्याचा आशय अशी तुलना होत नाही. 'समर्थन करा' असेल तर दुसरी बाजू मांडत बसू नका, आधार द्या. कन्नडमधला 'समर्थिसि' हेच मागतो. 'चर्चा करा' याला मात्र दोन्ही बाजू हव्यात. 'रसग्रहण' मागितलं आणि सारांश लिहिला, तर कविता काय म्हणते ते येतं, कशी म्हणते ते राहून जातं. म्हणून रसग्रहणात कवितेतला निदान एक शब्द अवतरणचिन्हांत उचलून, तोच शब्द का, हे दोन वाक्यांत लिहा.