गार्ड का काढले, हे आधी विचारा

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका प्लास्टिक कारखान्यात मी सुरक्षा विभागात रुजू झालो, तेव्हा कारखाने अधिनियम, १९४८ मधील महत्त्वाची कलमे मला तोंडपाठ होती. यंत्राच्या धोकादायक फिरत्या भागांना आवरण, म्हणजे गार्ड हवे, असे त्यातले कलम २१ सांगत होते. पहिल्याच आठवड्यात भंगार दळणाऱ्या ग्राइंडरच्या झाकणाचा लिमिट स्विच सुतळीने आवळून बांधलेला दिसला. झाकण उघडताच यंत्र बंद पडावे यासाठी तो स्विच असतो. सुतळीमुळे झाकण उघडे असतानाही पाती फिरत होती. मी सुतळी कापली, नोंदवहीत लिहिले आणि ऑपरेटरला लेखी ताकीद मिळाली. चार दिवसांनी तिथे नवी दोरी होती, या वेळी नायलॉनची.

त्या ऑपरेटरला सगळे आप्पा म्हणत. ‘काही व्हत नही साहेब,’ एवढेच ते बोलले. मग मी नोंदवही बाजूला ठेवून त्यांच्याजवळ पूर्ण पाळी उभा राहिलो, तेव्हा कारण समजले. मोठे ढेकूळ तोंडाशी अडकले की झाकण उघडून ते सोडवावे लागे; यंत्र थांबले की आतला अर्धवट दळलेला माल पात्यांत घट्ट बसे, तो हाताने उपसल्याशिवाय यंत्र पुन्हा सुरू होत नसे, आणि तेवढ्यात आप्पांचे वजनावर ठरलेले काम मागे पडे. शिवाय वीज तोडल्यावरही पाती बसवलेला जड रोटर काही काळ स्वतःच्या वेगाने फिरत राहतो, म्हणजे माझा स्विच शाबूत असता तरी घाईने आत घातलेला हात वाचलाच असता असे नाही. हे मला कलमांतून कळले नव्हते. ढेकळे आधी कापून लहान करणे, माल टाकण्याचे तोंड हात पोहोचणार नाही इतके लांब करणे आणि रोटर पूर्ण थांबेपर्यंत न उघडणारे कुलूप बसवणे, हे तीन बदल मान्य करून घ्यायला मला दोन महिने लागले.

या क्षेत्रात येणाऱ्यांनी शिक्षणाचा मार्गही नीट समजून घ्यावा. महाराष्ट्राच्या १९८२ च्या सुरक्षा अधिकारी नियमांत अभियांत्रिकी पदवी किंवा पदविका, कारखान्यातील पर्यवेक्षणाचा अनुभव आणि औद्योगिक सुरक्षेची मान्यताप्राप्त पदविका यांच्यासोबत बहुसंख्य कामगारांच्या भाषेचे पुरेसे ज्ञानही मागितले आहे. ही शेवटची अट मला सर्वांत शहाणपणाची वाटते. आपल्याकडे एकाच पाळीत अहिराणी, लेवा बोली, सातपुड्यातून आलेल्यांची पावरी आणि उत्तरेकडची हिंदी ऐकू येते. प्रमाण मराठीतला फलक त्यातल्या अनेकांपर्यंत पोहोचत नाही.

कायदाही बदलला आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही कारखाने अधिनियमाच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. सुरक्षा अधिकारी नेमण्याची मर्यादा पूर्वी १००० कामगारांची होती. संहितेत ती कारखान्यांसाठी ५०० आणि धोकादायक प्रक्रियेसाठी २५० आहे. आपल्या भागातील डाळ मिल, जिनिंग आणि चटईचे बहुतेक कारखाने याहून कितीतरी लहान असल्यामुळे तिथे हे काम उत्पादन किंवा देखभाल पाहणाऱ्याच्याच अंगावर येते. अशी नोकरी कमी प्रतीची समजू नका. यंत्राची खरी ओळख तिथेच होते.

जिनिंगमधली कापसाची धूळ, लूमचा आवाज आणि पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यातली पत्र्याची शेड यांनी होणारी हानी अपघातासारखी एका क्षणात दिसत नाही, म्हणून आरोग्य तपासणीचे अहवाल फाइलमध्ये लावण्यापूर्वी स्वतः वाचावेत.

कुलूप बसल्यानंतर ग्राइंडरवर दोरी पुन्हा दिसली नाही. महिन्याभराने आप्पा स्वतःहून माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले की रात्रपाळीच्या मिक्सरचे लाल बटण दाबले तरी तो थांबत नाही. आम्ही दोघे तसेच उठून मिक्सरकडे गेलो.