आई-बाबांना टोकियोहून हाकोनेला गरम पाण्याच्या आंघोळीला न्यायचं असेल तर

आपल्या खेड्यापाड्यातली पोरंपोरी आता जपानमध्येही जाऊन राहिली, कोणी आयटीत, कोणी म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीच्या कामावर, आणि मग सोयाबीन निघालं की आईबाबा पोरापाशी महिनाभर जाऊन येतात. त्यांना एका दिवसात परत येता येईल असं कुठं न्यावं म्हणून कोणी विचारलं तर मी टोकियोजवळचं डोंगरातलं गरम झऱ्यांचं गाव हाकोनेच सांगतो. उनकेश्वर किंवा सालबर्डीला जाऊन आलेल्या माणसाला गरम झऱ्याचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही, ते पाणी त्यांना आधीच देवाचं वाटते. अडचण होते ती बाकीच्या गोष्टींची, आणि त्या कोणी आधी सांगत नाही.

जायचं सोपं आहे. शिंजुकू स्टेशनवरून ओदाक्यू लाइनची रोमान्सकार गाडी थेट हाकोने-युमोतोला सोडते, साधारण दीड तास, सीट रिझर्व असते म्हणून तिकिटावर वेगळा चार्ज लागते. साध्या गाडीनं ओदावाराला उतरून पुढं युमोतोची गाडी पकडली तर पैसे वाचतात पण बसायला जागा मिळेलच असं नाही. गुडघे दुखणारं माणूस सोबत असेल तर चार्ज भरा, बिलकुल विचार करू नका. शनिवार-रविवार टाळा, आणि सकाळी ऑफिसची गर्दी ओसरल्यावरच शिंजुकूत पाय ठेवा.

आता माझं स्पष्ट मत. डोंगरगाडी, केबल कार, रोपवे, आशी तलाव, तलावातली बोट, पाण्यातलं लाल तोरी गेट म्हणजे देवळाची कमान, हे सगळं एका दिवसात बसवायचा प्लॅन सगळे फिरवत असतात, तो आईबाबांना घेऊन करू नका. दिवसभर रांगेत उभं राहून आंघोळीलाच वेळ उरत नाही आणि आलो होतो कशाला तर आंघोळीला. एक दिवस म्हणजे एक आंघोळ, निवांत. दोन दिवसांचा फ्रीपास (एकाच तिकिटावर गाड्या-बोटी, फुकट नाही) पण मग घ्यायची गरज नाही, तो खूप गाड्या-बोटी बदलणाऱ्यांच्या कामाचा.

आंघोळीचं नीट वाचा. तिथं बाया वेगळ्या, माणसं वेगळी, पण अंगावर एक कपडा नसते, चड्डीसुद्धा नाही. आपल्या आया नदीवरही लुगड्यासकट आंघोळ करणाऱ्या, दारात गेल्यावर हे कळलं तर ती माउली तिथूनच मागं फिरते आणि तिचं काही चुकत नाही. म्हणून घरीच सांगून ठेवा, आणि सरळ भाड्याची वेगळी खोली घ्या. तिला काशिकिरी म्हणतात, आत फक्त तुमचं कुटुंब, दाराला कडी, आईबाबा दोघंच गेले तरी चालते. युमोतोजवळ हाकोने युर्यो म्हणून ठिकाण आहे, तिथं अशा उघड्या हौदाच्या खोल्या तासावर मिळतात, स्टेशनवरून त्यांची फ्री शटल बस आहे. आधी बुकिंग करा, आयत्या वेळी मिळत नाही. पोरंसोरं जास्त असतील तर कोवाकुदानीला युनेस्सून आहे, तिथं स्विमिंगचे कपडे घालून सगळे एकत्र पाण्यात जातात.

आणि गोंदण. आपल्याकडं जुन्या बायांच्या हातावर, कपाळावर, हनुवटीवर गोंदण असतेच, त्यात वावगं ते काय. पण जपानमध्ये गोंदणाचा संबंध गुंडांच्या टोळ्यांशी लावतात म्हणून बऱ्याच ठिकाणी आत सोडत नाही. तिथल्या पर्यटन खात्यानं २०१५ मध्ये विचारपूस केली तर उत्तर देणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त, ५६ टक्के ठिकाणं नाहीच म्हणत होती. २०१३ मध्ये होक्काइडोत न्यूझीलंडच्या एका माओरी बाईला हनुवटीवरच्या परंपरेच्या गोंदणामुळं परत पाठवलं होतं. माझ्या आईसारख्या बाईचा असा अपमान कोणी करावा हे मला सहन होणार नाही, म्हणून कळकळीनं सांगतो, आधी फोन करून विचारा. लहान गोंदण असेल तर झाकायला चामडीच्या रंगाच्या पट्ट्या मिळतात. वेगळ्या खोलीत शक्यतो अडचण येत नाही, तरी बुकिंग करतानाच सांगून टाका.

चांदीचं सगळं काढून ठेवा. जोडवी, पैंजण, करदोडा. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते आणि बाईमाणसाला जोडवी काळी पडली की चुटपुट लागते. युमोतोचं पाणी बहुतेक साधं, मऊ असते, वर ओवाकुदानी या ज्वालामुखीच्या दरीकडच्या पाण्यात गंधक जास्त. जोडवी काढायची नसतील तर खालीच आंघोळ करा, तेही विचारून.

हौदात उतरायच्या आधी बाहेर छोट्या स्टुलावर बसून साबण लावून पूर्ण अंग धुवायचं, फेस राहू द्यायचा नाही, केस वर बांधायचे, छोटा टॉवेल डोक्यावर ठेवायचा पण पाण्यात बुडवायचा नाही. हौद फक्त बसण्यासाठी, आत घासाघीस बिलकुल नाही. पाणी ४० ते ४२ डिग्री असते. बीपी-शुगरवाल्यांनी पाचेक मिनिटं बसून बाहेर यावं, पाणी प्यावं, वाटलं तर पुन्हा जावं. उठताना हात धरा, चक्कर येते ती नेमकी उठताना. उपाशी पोटी नको आणि जेवल्याबरोबरही नको. हार्टचा त्रास असेल तर निघायच्या आधीच इथल्या डॉक्टरला विचारून घ्या.

माळकरी माणसाच्या खाण्याचे हाल होतात कारण सोबा-उदोन म्हणजे तिथल्या शेवयांच्या रश्श्यात वरून काही दिसलं नाही तरी मासोळीचा अर्क असते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू घरून न्या. तिथं ओन्सेन मांजू म्हणून वाफवलेले गोळे मिळतात, आत लाल कडधान्याचं गोड सारण, पुरणासारखंच, आईला आवडेल, फक्त घ्यायच्या आधी विचारून घ्या. खर्रा घरीच ठेवा, रस्त्यावर थुंकायची सोय नाही आणि कचरापेटीही सापडत नाही, रिकामी पन्नी खिशात असू द्या.

वेळ उरला तर डोंगरगाडीत बसा, गोरा नावाच्या स्टेशनपर्यंत पाऊण तासाच्या आत पोचते, चढ एवढा की गाडी तीनदा उलटी दिशा बदलून वर जाते, जून-जुलैत रुळाच्या दोन्ही बाजूंनी हायड्रेंजिया फुलते. ओवाकुदानीला काळी अंडी मिळतात, एक खाल्लं की सात वर्षं आयुष्य वाढते म्हणतात, पण दमा असलेल्यांना तिथल्या वायूपाशी नेऊच नका, आणि ज्वालामुखी जागा झाला की रोपवे बंदही करतात.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जात असाल तर वादळाची बातमी आदल्या रात्री बघा. १२ ऑक्टोबर २०१९ ला हाकोनेत एका दिवसात ९२२.५ मिलीमीटर पाऊस पडला, आपल्या अकोल्याकडं अख्ख्या पावसाळ्यात तेवढा पडत नाही, आणि डोंगरगाडी पुढच्या जुलैपर्यंत बंद होती. वादळाचं नाव जरी ऐकलं तरी दिवस बदला.

परतीची सीट सकाळीच काढून ठेवा, संध्याकाळी भरून जातात. आंघोळीनंतर अंग सैल पडते, म्हातारं माणूस बसल्याबसल्या झोपते, म्हणून गाडीच्या निदान तासभर आधी हौदातून बाहेर या, आणि संध्याकाळची बीपीची गोळी पिशवीत खाली नाही, वरच्या कप्प्यात ठेवा.