रंगीत अ‍ॅबस्ट्रॅक्ट करायचंय? आधी रंग कमी करा

हल्ली बरेच जण विचारतात की अ‍ॅबस्ट्रॅक्टला, म्हणजे अमूर्त चित्राला, सुरुवात कुठून करायची, म्हणून जरा सविस्तर लिहितेय, खास करून मुंबईत वन रूम किचनमध्ये राहून पेंटिंग करणाऱ्यांसाठी.

पहिली गोष्ट, बारा रंगांचा सेट घेऊ नका. एक निळा, एक पिवळा, एक लाल आणि पांढऱ्याची मोठी ट्यूब घ्या, कॅमलचे अ‍ॅक्रिलिक सुरुवातीला अगदी पुरतात. चित्र मळतं ते रंग स्वस्त असल्याने नाही, आपल्या घाईने मळतं. लाल-हिरवा किंवा जांभळा-पिवळा असे रंगचक्रात समोरासमोर येणारे रंग ओले असताना एकमेकांत गेले की चिखल झालाच समजा. खालचा थर सुकू द्या मग वर चढवा, एवढंच आहे, पण एवढंच कुणाला जमत नाही. मे महिन्यात पंख्याखाली पातळ थर पाव तासात सुकतो, जुलैत मात्र हवेतच पाणी असतं तेव्हा घाई नकोच, सरळ दोन कॅनव्हास आलटून पालटून करा. आणि रंग पातळ करायला नुसतं पाणी ओतत बसू नका, त्याने बाइंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारा चिकट भाग, कमजोर होतो आणि रंग नीट धरत नाही, अ‍ॅक्रिलिक मीडियम वापरा, म्हणजे रंग न घातलेला तोच बाइंडर.

एक करून बघा. पूर्ण कॅनव्हास केशरी करा, रात्रभर सुकू द्या, सकाळी वर निळा पसरवा आणि तो ओला असतानाच जुन्या बनियनच्या बोळ्याने पुसा, बाद झालेल्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडा. निळ्याच्या फटीतून केशरी असा पेटलेला दिसतो ना की हात आपोआप थांबतो. थांबाच तिथे! माझी किती चित्रं त्या पुढच्या एका फटकाऱ्याने गेलीत, अजून वाईट वाटतं.

अ‍ॅबस्ट्रॅक्टमधले मोठे चित्रकार वासुदेव गायतोंडे गिरगावच्या चाळीत वाढले, 1948 ला जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधून डिप्लोमा घेतला, आणि पुढे रोलर आणि नाईफने थर चढवत खरवडत वर्षाला मोजकीच चित्रं केली. 2014 साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमला त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. काळा घोड्याजवळच्या एनजीएमएमध्ये (नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट) त्यांचं काही लागलं असेल तर चित्रासमोर अर्धा तास उभं राहा, फोन पिशवीत ठेवून.

आता करिअरचं. नोकरी लगेच सोडू नका, रंगांचा खर्च पगारातून निघतो तेव्हा विकलं जाईल असंच काढायचं प्रेशर राहत नाही. सुटं एकेक चित्र दाखवू नका, एकाच विचाराची दहा-बारा करा, त्यावरच गॅलरीवाला तुम्हाला ओळखतो. फोटो खिडकीच्या उजेडात काढा, ट्यूबलाईटखाली निळा वेगळाच येतो. बॉम्बे आर्ट सोसायटी 1888 पासूनची आहे, तिच्या वार्षिक प्रदर्शनाला एन्ट्री पाठवा. जहांगीर आर्ट गॅलरीला नंबर लागायला वर्षं जातात म्हणून अर्ज आजच टाका, आणि तोवर दोघातिघांनी मिळून छोटा हॉल घ्या, भाडं वाटलं जातं.

किंमत मनाला येईल तशी सांगू नका हो. लांबी गुणिले रुंदी, चौरस इंचाला एक दर, सगळ्या चित्रांना तोच. गॅलरीचं कमिशन तिसऱ्या हिश्श्यापासून अर्ध्यापर्यंत असू शकतं, ते दरात आधीच धरा, आणि थेट विकताना दर उतरवू नका, नाहीतर गॅलरी परत दारात उभं करणार नाही.

नेआण लोकलच्या लगेज डब्यातून, गर्दी टाळून. मोठं असेल तर फ्रेमवरून काढून गुंडाळा, पण रंगाची बाजू बाहेर ठेवून, आत ठेवली तर थर चुरगळून तडकतो. पावसाळ्यात कॅनव्हास भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागून बुरशी धरते, मध्ये चार बोटं हवा खेळू द्या. आणि प्रत्येकाच्या मागे नाव, साल, साईज, मीडियम (म्हणजे कशात केलंय ते) लिहाच, पेन्सिलने, फ्रेमच्या लाकडावर.