ब्लिट्झमध्ये टाइम कुठे वाचवायचा आणि कुठे खर्च करायचा

ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट बुद्धिबळात, रेटिंग अडकलं की बहुतेक जण नवीन ओपनिंगचे (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींचे) व्हिडिओ बघायला बसतात. माझं मत जरा वेगळं आहे. ३ मिनिटांच्या गेममध्ये आपण खरंच विचार करावा अशा जागा तीन-चारच येतात, आणि तिथे पोचेपर्यंत खिशात वेळ उरलेला असला पाहिजे, बाकी सगळी तयारी त्याच्यासाठीच. ओपनिंग पाठ करायची ती सुरुवातीचे सेकंद वाचावेत म्हणून, आणि एंडगेम (मोजकीच मोहरी उरलेला डावाचा शेवट) शिकायचा तो शेवटच्या १५ सेकंदात डोकं न लावता हात चालावा म्हणून.

आधी टाइम कंट्रोल बदला. ३+० (नुसती ३ मिनिटं, वाढीव वेळ नाही) खेळत असाल तर काही दिवस ३+२ खेळून बघा, म्हणजे प्रत्येक चालीला २ सेकंद परत मिळतात. वर्ल्ड ब्लिट्झ चॅम्पियनशिपसुद्धा ३+२ वरच होते. चालीमागे वेळ वाढवून देणाऱ्या घड्याळाच्या पेटंटसाठी माजी विश्वविजेता बॉबी फिशरने १९८८ मध्ये अर्ज केला होता, जिंकलेला डाव निव्वळ घड्याळामुळे हातचा जाऊ नये हाच त्यामागचा विचार. ३+० मध्ये शेवटी नुसती माऊसची मारामारी होते आणि एंडगेम शिकायचा राहूनच जातो.

आता ओपनिंग. पांढऱ्याने एक, काळ्याने समोरच्याच्या ई४ ला एक आणि डी४ ला एक, बस (ई४, डी४ ही पटावरच्या घरांची नावं, नुसतं घर लिहिलं की तिथे प्यादं जातं). दर आठवड्याला बदलत बसू नका प्लीज. काळ्याने ई४ ला कॅरो-कान ही ओपनिंग घ्या असं मी सांगेन, कारण ई४ सी६, डी४ डी५ झालं की समोरच्याकडे मुख्य रस्ते तीनच उरतात: तो ई५ ढकलतो तेव्हा आपला उंट एफ५ वर, तो डी५ वर मारतो तेव्हा आपण सी प्याद्याने परत मारायचं, आणि त्याने घोडा काढला तर आपण ई४ वर मारायचं, तो घोड्याने मारेल, मग परत उंट एफ५. एवढं बोटांत बसलं की पहिल्या आठ-दहा चाली २० सेकंदात होतात.

पांढऱ्याने लंडन नावाची ओपनिंग खेळणारे खूप आहेत कारण चाली जवळपास त्याच असतात, डी४, उंट एफ४, ई३, सी३, घोडे बाहेर, कॅसलिंग. पण "त्याच चाली" म्हणून न बघता खेळलात की काळा डी५, सी५ आणि घोडा सी६ करून वजीर बी६ वर आणतो आणि बी२ चं प्यादं लटकतं. तिथे शांतपणे वजीर बी३. मग तो सी४ ढकलेल, आपण वजीर सी२, आणि लगेच तो उंट एफ५ वर आणून देईल, फुकट दिसतो पण खाऊ नका, त्याचा वजीर बी२ वर घुसतो आणि कोपऱ्यातला ए१ चा हत्ती जातो. वजीर सी१ वर न्या, काही बिघडत नाही. अशा एक-दोन जागा प्रत्येक ओपनिंगमध्ये असतात आणि त्या माहीत असणं हे वीस चालींची थिअरी पाठ असण्यापेक्षा कितीतरी जास्त कामाचं आहे.

प्रीमूव्हबद्दल, म्हणजे समोरच्याने चाल करायच्या आधीच आपली पुढची चाल ऑनलाइन टाकून ठेवण्याबद्दल, पण इथेच सांगतो. डी४ ला जी६ खेळून पुढचा उंट जी७ प्रीमूव्ह करून ठेवायची सवय बऱ्याच जणांना असते, आणि समोरचा चलाख असेल तर दुसऱ्याच चालीला उंट थेट एच६ वर टाकतो. तुम्ही बघून खेळलात तर उंट फुकट मिळतो, प्रीमूव्ह टाकलेली असेल तर तुमचाच उंट जातो आणि मागोमाग एच८ चा हत्तीही. म्हणून प्रीमूव्ह फक्त तिथे, जिथे समोरच्याने मारलं तर परत मारणं हे एकच उत्तर आहे, किंवा तुमच्या राजाला जायला एकच घर आहे.

मिडलगेममध्ये (डावाच्या मधल्या भागात) माझा नियम सोपा आहे, कुठल्याही चालीला २० सेकंदांच्या वर नाही. दोन चाली सारख्याच वाटतायत तर कुठलीही एक खेळा, तिथे घासाघीस करून काही मिळत नाही. वेळ खर्च करायचा तो मारामारी सुरू होणार असते तेव्हा, वजिरांची अदलाबदल करायची की नाही तेव्हा, आणि राजासमोरचं प्यादं हलवायच्या आधी. समोरच्याचं घड्याळ चालू असताना आपली कुठली मोहरी बिनआधाराची आहेत ते बघून घ्या, ब्लिट्झमधले बहुतेक घोळ तिथूनच होतात.

एंडगेम मला सगळ्यात आवडतो आणि लोक नेमका तोच सोडतात. राजा-प्याद्याचा एंडगेम असा यायला हवा की विचार करावाच लागू नये. पांढरा राजा ई४, प्यादं ई३, काळा राजा ई६: इथे चाल काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो, पांढऱ्याची असेल तर ड्रॉ. आता तेच प्यादं ई२ वर ठेवा, चाल पांढऱ्याची असली तरी तो ई३ खेळून पाळी काळ्यावर ढकलतो आणि जिंकतो. म्हणून प्यादं उगाच पळवू नका, राजा पुढे न्या. वाचवायचं असेल तर उलटं बघा: पांढरा राजा ई५, प्यादं ई६, तुमचा राजा ई७ वर. मागे जायचं ते सरळ ई८ वरच, डी८ किंवा एफ८ वर गेलात की हरलात. हत्तींच्या एंडगेममध्ये फिलिडोर (ड्रॉ वाचवायची) आणि लुसेना (जिंकायची) या दोन पोझिशन कॉम्प्युटरविरुद्ध परत परत खेळा, हाताला सवय लागेपर्यंत.

वेळ अगदी संपत आली असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात असू दे. समोरच्याचा टाइम संपला पण तुमच्याकडे नुसता राजा उरलाय तर तो विजय नाही, ड्रॉ आहे, त्यामुळे एखादं प्यादं जिवापाड सांभाळा. तुमचाच टाइम जाणार असेल तर उलट, त्याचं शेवटचं प्यादं कसंही करून मारा.

गेम हरलात की इंजिन (चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम) लावायच्या आधी प्रत्येक चालीला किती सेकंद गेले ते बघा, लिचेस आणि चेस डॉट कॉम या दोन्ही साइटवर दिसतं. जिथे ३० सेकंद गेले ती पोझिशन उघडा आणि स्वतःला विचारा, इथे खरंच ठरवण्यासारखं काही होतं का? ओपनिंगमध्येच गेले असतील तर ती लाइन आजच बघून घ्या.