प्रोस्टेटचा त्रास: तपासणी, ऑपरेशन आणि नळी यांतल्या या चुका टाळा

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'प्रोस्टेटोमेगली ग्रेड २, वजन ४८ ग्रॅम' असं दिसलं की घरात ऑपरेशनची बोलणी सुरू होतात. पहिली चूक इथेच होते. प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाभोवती असलेली ग्रंथी. तरुणपणी साधारण २० ग्रॅमची ही ग्रंथी चाळिशी-पन्नाशीनंतर वाढत जाते, पण वजन आणि त्रास यांचा थेट मेळ नसतो. ८० ग्रॅमची ग्रंथी असून रात्रभर शांत झोपणारे असतात आणि ३० ग्रॅमवर लघवी पूर्ण तुंबलेलेही असतात. ग्रंथीचा मधला भाग वर मूत्राशयात घुसला असेल तर जोर केल्यावर तो झडपेसारखा तोंडावर बसतो. नुसती बाजूंना वाढलेली ग्रंथी तेवढी अडवेलच असं नाही. म्हणून ग्रॅमच्या आधी रिपोर्टमध्ये हे शोधा: मधला भाग मूत्राशयात किती शिरला आहे (१० मिलिमीटरच्या वर असेल तर अडथळ्याची शक्यता वाढते), लघवी केल्यावर किती उरते, मूत्राशयात खडा आहे का आणि मूत्रपिंडांना सूज आहे का.

ऑपरेशनला पर्याय उरत नाही असे प्रसंग मोजके आहेत. लघवी पुन्हा पुन्हा तुंबणं, वारंवार जंतुसंसर्ग, प्रोस्टेटमधून सतत रक्त जाणं, मूत्राशयात खडा आणि अडथळ्यामुळे क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढणं. बाकीच्यांचा निर्णय त्रास किती आहे आणि औषधांनी किती फरक पडतो यावर ठरतो. त्रास मोजायला आयपीएसएस नावाचा सात प्रश्नांचा तक्ता आहे: ७ गुणांपर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० ते ३५ तीव्र. हा तक्ता रुग्णाने स्वतः भरावा. मुलगा शेजारी बसून भराभर उत्तरं देतो, पण वडील रात्री किती वेळा उठतात हे त्याला अर्धंच माहीत असतं.

उरलेल्या लघवीचा फसवा आकडा

'लिटरभर पाणी प्या, जोरात आली की सांगा' असं सोनोग्राफी सेंटरमध्ये सांगतात. नंबर यायला तासभर लागतो, तोवर मूत्राशयात ६००-७०० मिलि साठतं. इतकं ताणलेलं मूत्राशय नीट आकुंचन पावत नाही. त्यात बाहेर रांग, आत घाई. रिपोर्टवर 'उरलेली लघवी १८० मिलि' असं येतं आणि धडधाकट माणूस घाबरतो.

नेहमीसारखी लागल्याची भावना झाली, म्हणजे साधारण २५० ते ४०० मिलि भरलं, की लगेच तपासणी करायला सांगा. लघवी सावकाश करा, दोन मिनिटं थांबून पुन्हा एकदा प्रयत्न करा आणि ५-१० मिनिटांच्या आत उरलेली मोजून घ्या. रिपोर्टवर लघवीपूर्वीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याला फारसा अर्थ राहत नाही. आकडा जास्त आला तर दुसऱ्या दिवशी परत मोजल्याशिवाय त्यावर काही ठरवू नका.

युरोफ्लोमेट्रीचं, म्हणजे धारेचा वेग मोजणाऱ्या चाचणीचंही असंच. यंत्रात किमान १५० मिलि लघवी झाली नाही तर ती चाचणी धरू नये. मध्येच थांबवणं, दाबून सोडणं, धार भांड्यात हलवणं यानेही आलेख बिघडतो. सर्वांत जास्त वेग सेकंदाला १५ मिलिच्या वर असेल तर सहसा ठीक, १० च्या खाली असेल तर अडथळ्याचा संशय. पण कमी वेगाचा अर्थ अडथळाच असा नाही; मूत्राशयाचा स्नायू दुबळा असला तरी वेग कमीच येतो आणि या चाचणीतून दोन्हींतला फरक कळत नाही. जुना मधुमेह, पार्किन्सन, पक्षाघात किंवा मणक्याचा आजार असेल तर ऑपरेशनआधी युरोडायनॅमिक (मूत्राशयातला दाब मोजणारी) तपासणी करून घ्या. स्नायूच दुबळा असेल तर रस्ता मोकळा करूनही लघवीची नळी लागू शकते, आणि मग 'ऑपरेशन फसलं' असा बोल सर्जनला लागतो.

पीएसए कधी करू नये

पीएसए ही प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका तपासायची रक्ततपासणी. लघवीत जंतुसंसर्ग असताना, लघवी तुंबून नळी घातल्यावर लगेच, किंवा दुर्बिणीची तपासणी नुकतीच झाली असताना पीएसए करू नका. आकडा वाढलेलाच येणार. संसर्ग बरा झाल्यावर सहा ते आठ आठवडे थांबा. वीर्यस्खलनानंतर आणि लांबवर सायकल चालवल्यानंतर दोन दिवस जाऊ द्या.

उलटी चूक जास्त धोक्याची. प्रोस्टेट लहान करणारी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड गोळी सहा महिने घेतल्यावर पीएसए जवळपास निम्मा होतो. या गोळ्या चालू असताना २.८ आलेला आकडा ५.६ समजून वाचावा लागतो. लॅबला हे माहीत नसतं, ती नॉर्मल लिहून मोकळी होते. गोळ्या चालू असताना पीएसए आधीच्या सर्वांत कमी आकड्यापेक्षा वाढायला लागला, तर कर्करोगाची शंका घेऊन पुढची तपासणी करावी.

रात्रीचं उठणं

रात्री चार वेळा उठावं लागतं म्हणून ऑपरेशन केलं आणि नंतरही चार वेळाच उठावं लागलं, ही तक्रार टाळता येते. तीन दिवसांची डायरी ठेवा: मोजपात्रात प्रत्येक वेळची लघवी मोजा, वेळ लिहा, प्यायलेलं पाणी-चहा लिहा. झोपल्यापासून सकाळच्या पहिल्या लघवीपर्यंतचा हिशेब चोवीस तासांच्या एक तृतीयांशाहून जास्त निघाला, तर लघवी रात्री जास्त तयार होते आहे. पायांवर संध्याकाळी सूज, झोपेत श्वास अडणं, रात्री घेतलेली रक्तदाबाची पाणी काढणारी गोळी, जेवणानंतरचं ताक. कारण इथे शोधा. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन सुरू केल्यानंतर लघवी वाढली असेल तर तो त्या गोळीचाच गुण आहे, ती साखर लघवीवाटेच बाहेर काढते.

एक लक्षण मात्र कधीच दुर्लक्षू नका: वयस्कर पुरुषाला रात्री झोपेत अंथरुणात लघवी होऊ लागणं. 'वय झालं' म्हणून डायपर लावतात किंवा लघवी रोखणारी गोळी देतात. बहुतेकदा मूत्राशय तुडुंब भरून ओसंडत असतं, पोट दुखतही नाही आणि मूत्रपिंडं मात्र बिघडत जातात. त्याच दिवशी सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन करा.

अशा रुग्णाला नळी घातल्यावर पुढच्या काही तासांत लघवीचा पूर येऊ शकतो. 'आता मोकळं झालं' म्हणून निर्धास्त राहू नये. दर तासाला मोजा. सलग दोन तास २०० मिलिच्या वर येत असेल तर रुग्णालयातच थांबा, सोडियम-पोटॅशियम तपासावं लागतं.

औषधांतल्या चुका

मूत्राशयाचं तोंड सैल करणाऱ्या टॅमसुलोसिन ०.४ मिग्रॅ किंवा सिलोडोसिन ८ मिग्रॅ या गोळ्या काही दिवसांत फरक दाखवतात, तर ड्युटास्टेराइडला सहा महिने लागतात. महिन्याभरात 'काही उपयोग नाही' म्हणून ते बंद करणं चूक. टॅमसुलोसिन सुरू केल्यावर रात्री अंथरुणातून ताडकन उठू नका, चक्कर येऊन पडाल. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरत असेल तर या गोळीचं नाव नेत्रतज्ज्ञाला आधी सांगा: बुबुळ ढिलं पडतं, आणि आदल्या आठवड्यात गोळी बंद करून ते टळतंच असं नाही.

मेडिकलमधून न विचारता घेतलेली सर्दीची गोळी हे लघवी अचानक तुंबण्याचं नेहमीचं कारण. तिच्यातलं फिनाइलएफ्रिन मूत्राशयाचं तोंड आवळतं आणि क्लोरफेनिरामिन मूत्राशय सुस्त करतं.

ऑपरेशनच्या आधी

लघवीचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी द्या, नंतर दिलेलं फसवं निघतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल शेजाऱ्याचा सल्ला नको. एकोस्प्रिन ७५ अनेकदा चालू ठेवतात, क्लोपिडोग्रेल सहसा ५ ते ७ दिवस आधी थांबवतात. पण हृदयात स्टेंट असेल तर यातलं काहीही हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय बंद करू नका. स्टेंट बंद पडणं हे रक्तस्रावापेक्षा जिवाला जास्त घातक. वर सांगितलेल्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी थांबवतात, कारण रक्तातली साखर ठीक दिसत असतानाही कीटोआम्ल (चरबी जळताना बनणारं आम्ल) धोकादायक वाढू शकतं.

'लेझर की साधं?' यापेक्षा नेमके प्रश्न विचारा. साधारण ३० ते ८० ग्रॅमपर्यंत टीयूआरपी (मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ग्रंथी आतून खरवडणं) उत्तम चालते. जुन्या मोनोपोलर पद्धतीत ग्लायसीनचं पाणी वापरतात, ते रक्तात शिरून सोडियम उतरण्याचा धोका असतो, म्हणून तासाभरात उरकावं लागतं. नव्या बायपोलर पद्धतीत सलाईन वापरतात, तो धोका जवळपास जातो. ग्रंथी ८० ग्रॅमच्या वर असेल तर होल्मियम लेझरने आतला गाभा सोलून काढणं किंवा पोटातून ऑपरेशन हे पर्याय. आणि वीर्य मागे मूत्राशयात जाणं हे टीयूआरपी असो वा लेझर, बहुतेकांना होतं. ताठरता ही वेगळी बाब, ती सहसा टिकते. मूल हवं असेल तर हे ऑपरेशनआधीच बोला.

नळी आणि वॉश

ऑपरेशननंतर २२ किंवा २४ नंबरची तीन तोंडांची नळी असते: एकातून मूत्राशय धुणारं सलाईन आत, दुसऱ्यातून बाहेर (हाच वॉश), तिसऱ्यात फुग्याचं पाणी. वॉर्डात बाटल्यांवर लक्ष नातेवाइकांचंच असतं, म्हणून हे नीट समजून घ्या. पिशवीतला रंग लाल झाला आणि पाणी व्यवस्थित बाहेर येत असेल तर सिस्टरला सांगून वेग वाढवता येतो. पण बाहेर येणं थांबलं, ओटीपोट टणक झालं, रुग्ण तळमळतो आहे, नळीच्या कडेने लघवी झिरपते आहे, तर आत रक्ताची गाठ अडकली आहे. तेव्हा वेग वाढवला तर मूत्राशय फुगत जातं. आत जाणारं सलाईन ताबडतोब बंद करा आणि हाक मारा. मोठ्या सिरिंजने गाठी ओढून काढतात. किती बाटल्या गेल्या आणि पिशवीतून किती निघालं हे कागदावर लिहीत राहा, फरक तिथेच दिसतो.

घरी नळी बदलणाऱ्यांच्या दोन चुका वारंवार दिसतात. लघवी येण्याआधीच फुगा भरला तर तो मूत्रमार्गात फुगतो आणि मार्ग फाटतो. नळी दुफाट्यापर्यंत (जिथे तिला तोंडं फुटतात तिथपर्यंत) पूर्ण आत, लघवी आलेली दिसली, मगच फुगा. तोही हवेने नाही, निर्जंतुक पाण्याने. दुसरी चूक म्हणजे मागे सारलेली शिश्नाची कातडी तशीच ठेवणं. ती सुजून अडकते. काम झालं की पुढे ओढा. पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता.

घरी आल्यावर

दहाव्या ते चौदाव्या दिवशी आतली खपली सुटते आणि लघवी पुन्हा लाल होते. पाणी वाढवा, विश्रांती घ्या. गाठी येऊ लागल्या किंवा लघवी अडली तर रुग्णालयात जा. चार ते सहा आठवडे दुचाकी नको, दहा लिटरची बादलीही नको, आणि शौचाला जोर नको, त्यासाठी रोज रात्री इसबगोल घ्या. लघवीची घाई आणि जळजळ काही आठवडे, कधी तीन महिनेही राहते.

काढलेल्या तुकड्यांचा पॅथॉलॉजी रिपोर्ट घ्यायला लोक विसरतात. तो आणून फाइलला लावा. ग्रंथीचं बाहेरचं कवच आत तसंच राहतं आणि बहुतेक कर्करोग तिथेच सुरू होतो, त्यामुळे ऑपरेशननंतर पीएसए बघायची गरज संपत नाही. नवा आकडा साधारण तीन महिन्यांनी करून ठेवा.

काही महिन्यांनी धार पुन्हा बारीक झाली तर 'प्रोस्टेट परत वाढली' असं समजू नका. इतक्या लवकर ती वाढत नाही. मूत्रमार्ग किंवा मूत्राशयाचं तोंड आकसलेलं असतं. तरुणाची धार बारीक असेल तरही आधी हेच शोधायचं. युरोफ्लोमेट्रीच्या आलेखात चढ-उतार नसलेली सपाट रेघ आणि रंगद्रव्य घालून काढलेला एक्स-रे यावरून ते कळतं. लहान, पहिल्याच वेळचं आकुंचन दुर्बिणीने कापून सुटू शकतं. पण दर तीन महिन्यांनी सळई घालून रुंद करत राहिलं तर व्रण लांबत जातो. दुसऱ्यांदा आकुंचन झालं की युरेथ्रोप्लास्टी (मूत्रमार्ग दुरुस्तीचं ऑपरेशन) करणाऱ्या सर्जनला गाठा; पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांच्या नावाने ओळखली जाणारी, लांबलचक आकुंचनासाठीची पद्धत जगभर वापरतात. तिच्यात मूत्रमार्ग रुंद करायला गालाच्या आतलं अस्तर घेतात. गुटखा आणि माव्याने हेच अस्तर कडक होतं आणि तोंड दोन बोटंही उघडेनासं होतं. तंबाखू आजच बंद करा आणि पहिल्याच भेटीत तोंड उघडून सर्जनला दाखवा.