डॉकला केबल लावली की मॉनिटरची मांडणी बिघडते? या चुका टाळा

लिनक्सवर दोन-तीन मॉनिटर वापरणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. रात्री सगळं नीट लावून ठेवावं आणि सकाळी डॉकला (लॅपटॉपला एका केबलने मॉनिटर जोडून देणारा डबा) केबल लावताच उभा मॉनिटर आडवा व्हावा, डावीकडचा उजवीकडे जावा.

बहुतेकदा मूळ एकच असतं. एक्सरँडरची (मॉनिटरची मांडणी ठरवणारं लिनक्सचं साधन) कमांड पोर्टचं नाव घालून स्क्रिप्टमध्ये लिहिलेली असते आणि ते नाव काही कायमचं नसतं. ड्रायव्हर बदलला की 'एचडीएमआय१'चं 'एचडीएमआय-१' होतं. एका केबलवर दोन-तीन मॉनिटर चालवणाऱ्या डॉकवर तर काल 'डीपी-१-१' असलेला मॉनिटर आज 'डीपी-१-३' होऊन येतो. मॉनिटरची खरी ओळख त्याच्या ईडीआयडीमध्ये असते. हा मॉनिटर स्वतःच कॉम्प्युटरला पाठवतो तो निदान १२८ बाइटचा मजकूर. कंपनी, मॉडेल, सिरीयल नंबर सगळं त्यात असतं.

म्हणून स्वतःची स्क्रिप्ट सोडा आणि ऑटोरँडर वापरा, म्हणजे जोडलेले मॉनिटर ओळखून साठवलेली मांडणी (प्रोफाइल) आपोआप लावणारा प्रोग्राम. तो ईडीआयडी साठवतो, पण एरवी पोर्टचं नावही जुळवून बघतो. नाव बदलणारा डॉक असेल तर 'मॅच-ईडीआयडी' (नावाऐवजी ईडीआयडीवरून जुळवणं) हा पर्याय द्यायलाच हवा. मला हे फार उशिरा कळलं, तुमचे तेवढे दिवस वाया जाऊ नयेत. एकाच मॉडेलचे दोन मॉनिटर असतील तर आधी त्यांचे सिरीयल नंबर वेगळे आहेत ना ते बघा. काही कंपन्या सगळ्यांवर एकच आकडा टाकतात.

ऑटोरँडर सेव्ह करतो ती त्या क्षणाची मांडणी. त्यामुळे आधी एरँडरमध्ये (माऊसने मांडणी करायचा प्रोग्राम) मॉनिटरचे चौकोन ओढून सगळं जुळवा, मगच प्रोफाइल सेव्ह करा. आणि नुसत्या लॅपटॉपचंही एक प्रोफाइल करा. ते नसलं की केबल काढल्यावर उघडलेल्या विंडो आता जोडलेल्या नसलेल्या पडद्यावरच अडकून राहतात.

"स्क्रिप्ट हाताने चालवली की चालते, केबल लावली की चालत नाही" अशी तक्रार असेल तर यूडेव्हचा (नवं उपकरण जोडलं की ठरलेलं काम सुरू करणारी लिनक्सची यंत्रणा) नियम तपासा. तो स्क्रिप्ट रूट (मुख्य प्रशासक) म्हणून चालवतो आणि तिथे कोणत्या पडद्यावर काम करायचं ते सांगणारा 'डिस्प्ले' व्हेरिएबल नसतो. ऑटोरँडर स्वतःचा यूडेव्ह नियम घेऊन येतो, तोच ठेवा.

वेलँडवर (जुन्या एक्स११ऐवजी लिनक्सवर पडदा चालवणारी नवी व्यवस्था) मात्र यातलं काही लागू नाही. तिथे ग्नोम आणि केडीई हे डेस्कटॉप मांडणी स्वतःच लक्षात ठेवतात. स्वे हा विंडो मॅनेजर वापरत असाल तर ऑटोरँडरसारखंच काम करणारा कान्शी घ्या.