चष्म्याचा मोठा नंबर आणि बाळंतपण: प्रसूतीची पद्धत कशी ठरवावी

चष्म्याचा नंबर उणे ६ किंवा त्याहून जास्त असला की गरोदर स्त्रीला ‘कळा देताना डोळ्याचा पडदा सुटेल, सिझरच करून घे’ असे घरची मंडळी बजावतात आणि काही वेळा डॉक्टरही त्यांना दुजोरा देतात. हा सल्ला जुना आहे आणि त्याला पुराव्याचा आधार मिळालेला नाही. जोर लावताना डोळ्यातला दाब क्षणभर वाढतो हे खरे आहे. परंतु तो सर्व बाजूंनी सारखाच पडतो, आणि पडदा सुटतो तो बहुधा आतल्या जेलीच्या ओढीने त्याला चीर पडून तिच्यातून पाणी मागे शिरल्यामुळे. मोठा नंबर असलेल्या स्त्रियांचे पडदे प्रसूतीच्या आधी आणि नंतर तपासून जे मोजके अभ्यास झाले, त्यांत नैसर्गिक प्रसूतीमुळे पडद्याला नवी इजा झाल्याचे दिसले नाही.

त्यामुळे निर्णयापूर्वी थेंबांनी बाहुल्या मोठ्या करून पडद्याची कडेपर्यंत तपासणी करून घ्यावी. थेंब घातल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा एक-दोन मिनिटे बोटाने दाबून धरला, तर औषध शरीरात कमी उतरते. पुढे काही तास जवळचे अक्षर लागत नाही, म्हणून सोबत कोणी असावे. लेसरने चष्मा घालवलेल्या स्त्रियांनी ही तपासणी हमखास करावी, कारण त्या शस्त्रक्रियेत फक्त बुबुळाचा आकार बदलतो; डोळा आतून तितकाच लांब आणि पडदा तितकाच ताणलेला राहतो. तपासणीत ‘लॅटिस’ म्हणजे पडद्याच्या कडेचा विरळ भाग आढळला, तर बहुतेकदा त्यावर नुसते लक्ष ठेवले जाते. चीर आढळली, तर तिच्याभोवती लेसर करतात. तो गरोदरपणातही करता येतो आणि त्याचा व्रण पक्का व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात.

आपल्याकडे खरी अडचण कागदाची होते. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणजे सातव्या-आठव्या महिन्यात गाव बदलते, डॉक्टर बदलतात, आणि फाइलमध्ये असते ती ‘मोठा नंबर, काळजी घ्यावी’ एवढीच चिठ्ठी. रात्री दोन वाजता कळा सुरू झालेल्या बाईपुढे उभ्या असलेल्या डॉक्टरांनी त्यातून काय समजावे? ते सिझरकडे वळले, तर त्यांना दोष देता येत नाही. यासाठी माहेरी निघण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांकडून तारखेसह स्पष्ट लिहून घ्यावे: ‘दोन्ही डोळ्यांचा पडदा कडेपर्यंत तपासला, चीर नाही, डोळ्यांच्या दृष्टीने नैसर्गिक प्रसूतीस हरकत नाही.’

काही आजारांत मात्र प्रसूतितज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ या दोन्ही डॉक्टरांनी एकत्र बोलणे आवश्यक असते. गरोदरपणाआधीपासून मधुमेह असेल, तर सुरुवातीलाच पडदा तपासावा आणि २८ आठवड्यांच्या सुमारास पुन्हा तपासावा. पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटल्या असतील आणि त्यांवर उपचार झाले नसतील, तर जोर लावताना रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून लेसर वेळेत करून घेणे महत्त्वाचे ठरते. काचबिंदू फार पुढे गेलेला असेल किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर निर्णय त्या त्या स्त्रीपुरता घ्यावा लागतो. तेव्हाही सिझर हा एकच मार्ग नसतो. पाठीतून भूल देऊन आणि शेवटच्या टप्प्यात व्हॅक्यूम किंवा चिमट्याचा आधार घेऊन जोर लावण्याचा काळ कमी करता येतो. काचबिंदूच्या थेंबांपैकी ब्रिमोनिडीनने नवजात बाळाला गुंगी येऊन त्याचा श्वास मंदावू शकतो, त्यामुळे प्रसूतीपूर्वी ते बदलण्याविषयी विचारावे. पडद्याच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायू भरला असेल आणि तो अजून विरलेला नसेल, तर भूलतज्ज्ञांना ते आवर्जून सांगावे. नायट्रस ऑक्साइड दिल्यास तो वायू फुगून डोळ्यातला दाब धोकादायक वाढतो.

डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके, विजेसारखी चमक किंवा कडेने पडदा ओढल्यासारखी सावली आली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठावे. विसाव्या आठवड्यानंतर अशी चमक किंवा धूसरपणा आला आणि सोबत डोके दुखत असेल, तर आधी रक्तदाब मोजून घ्यावा, कारण तो चष्म्याचा प्रश्न नसून गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाचा असू शकतो, आणि तेव्हा प्रसूती कधी आणि कशी करायची हे त्या रक्तदाबावर आणि बाळाच्या स्थितीवर ठरते.